३७ वर्षं कोळंबी खाल्ली, आता अचानक ॲलर्जी? आणि रिपोर्टमधे झुरळ कसं काय?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण महिनाभर डोकं भंजाळलंय म्हणून लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मूळचा अलिबागकडचा, आता ठाण्यात. वय ३७. आमच्या घरी मासळी म्हणजे काय ते सांगायला नको, आजीने दात यायच्या आधी कोळंबीच्या कालवणात भात कालवून भरवलाय. तर गेल्या महिन्यात रविवारी आईने कोळंबीची खिचडी केली, नेहमीचीच, कोळंबीसुद्धा नेहमीच्याच मावशींकडची, ताजी, आईने माझ्यासमोर सोलली. मी दोन ताटं चापली. कंबर धरली होती म्हणून वर एक आयबुप्रोफेन घेतली आणि अर्ध्यापाऊण तासात सोसायटीतल्या पोरांबरोबर खाली बॉक्स क्रिकेटला गेलो. दुसऱ्याच ओव्हरला तळहात खाजायला लागले, मग कानाच्या पाळ्या तापल्या, मग पोटावर मांड्यांवर पित्त उठलं, एकेक गांध रुपयाएवढी. ओठ सुजला. घरी आलो तर आई म्हणाली पित्तच आहे, आमसुलाचं पाणी लावलं, घोंगडी शोधेपर्यंत मला उलटी झाली आणि डोळ्यापुढे अंधारी आली. पोरांनी दोन्ही बाजूंनी धरून चालवत गाडीपर्यंत नेलं. जवळच्या क्लिनिकमधे सुई दिली (ॲलर्जीची म्हणाले) पण बीपी लागेना, म्हणून तिथून हॉस्पिटलला. तिथे मांडीत ॲड्रिनलिन दिलं आणि खरंच सांगतो, दहा मिनिटांत माणसात आलो. हात मात्र लटलट कापत होते. रात्री घरी सोडा म्हणून मी हट्ट धरला होता, त्यांनी ऐकलं नाही, आणि बरोबर साडेदहाला काही न खाता पुन्हा गांधी उठल्या!!

आता ॲलर्जीवाल्या डॉक्टरीणबाईंकडे हातावर टोचून टेस्ट झाली. पॉझिटिव्ह आलं ते असं : कोळंबी, खेकडा, घरातली धूळ (डस्ट माइट लिहिलंय) आणि झुरळ. झुरळ मी आजपर्यंत खाल्लेलं नाही हो 🙏 निदान जाणूनबुजून तरी नाही. बाईंनी समजावलं पण बाहेर पेशंटची ही रांग, मला निम्मं कळलं निम्मं वरून गेलं.

माझे प्रश्न : ३७ वर्षं चाललं ते आता का चालेना? त्याच्या आदल्या रविवारी पण कोळंबी खाल्ली होती, तेव्हा नुसती जीभ चुरचुरली, बाकी काही नाही, मग त्याच कोळंबीने आठ दिवसांत एवढं कसं केलं? आणि सुरमई पापलेट पण गेलं का? घरात दोन पार्ट्या पडल्यात, आत्या म्हणते कोळंबी शिळी होती, आई त्यावरून आत्याशी बोलत नाहीये.

(हो, सकाळी उठलो की दहाबारा शिंका येतात, कॉलेजपासून. त्याचा इथे संबंध नसावा, पण बाईंनी विचारलं होतं म्हणून लिहितोय.)

---

रस्सा_वेगळा

बापरे. जपा भाऊ. पण शिळ्याचा मुद्दा मला पूर्ण टाकून देण्यासारखा वाटत नाही. मला दोन वर्षांपूर्वी बांगडा खाऊन सेम झालं होतं, तोंड लालेलाल, छाती धडधड, डोकं ठणकतंय, अंगावर चट्टे, आणि गंमत म्हणजे त्या पंगतीतल्या चौघांना एकदम झालं. चौघांनाही एकाच दिवशी ॲलर्जी कशी होईल? मी अजून बांगडा खातो, काही होत नाही.

---

पांढरा_एप्रन

खाडीकाठचा, तुम्ही ज्याला संबंध नसावा म्हणताय ना त्या शिंकांपासूनच सुरुवात करू. (मी एमडीचा रेसिडेंट आहे, ॲलर्जीचा स्पेशालिस्ट नाही, तेव्हा औषधाच्या बाबतीत तुमच्या बाईंचं ऐका, मी फक्त आत काय झालं ते सांगतो. नाईट ड्यूटी आहे, मधेच उठावं लागलं तर तुटक होईल.)

कोळंबी, खेकडा, झुरळ आणि गादीउशीत राहणारे ते डोळ्याला न दिसणारे किडे. आपल्याला ही चार वेगळी प्रकरणं वाटतात, पण शाळेत संधिपाद प्राणी शिकलो होतो आठवतंय का, हे सगळे त्याच कुळातले. त्यांच्या स्नायूंमधे ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रोटीन असतं आणि चौघांत ते जवळजवळ एकसारखं असतं. कोळंबीतलं मुख्य ॲलर्जन तेच, हे १९९३ साली आपल्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या कोळंबीवरच काम करून दाखवलं गेलं. ट्रोपोमायोसिन कोंबडीबकऱ्यातही असतं, तुमच्यामाझ्यातही असतं, पण ते आपल्या जातीचं, शरीर त्याला ओळखतं. कोळंबीचं तेवढं वेगळं आहे.

तर एक शक्यता अशी की तुमच्या शरीराने हे प्रोटीन ताटात ओळखायच्या आधी गादीत ओळखलं. ठाण्याची हवा, पावसाळ्यात भिंतींना घाम येतो, या किड्यांना तर स्वर्गच. आपल्या कातडीचा झडलेला कोंडा हे त्यांचं जेवण. तुम्ही पंधराएक वर्षं रोज रात्री त्यांचे तुकडे आणि लेंडी नाकात ओढताय, सकाळच्या शिंका त्याच्याच. त्यांच्या लेंडीत एक पचवणारं एन्झाइम असतं, ते नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींची शिवण उसवतं आणि आत शिरायला वाट करून घेतं. झुरळाचा भुगाही घरातल्या धुळीत असतोच, तो खावा लागत नाही. हे नुसतं तर्कट नाही बरं का. २००३ साली कट्टर ज्यू धर्म पाळणाऱ्या, डस्ट माइटची ॲलर्जी असलेल्या लोकांचं रक्त तपासलं होतं. त्यांच्या धर्मात कोळंबी निषिद्ध, जन्मात खाल्लेली नाही, तरी काहींच्या रक्तात कोळंबीविरुद्धच्या अँटीबॉडी मिळाल्या. आणि मोठेपणी सुरू होणाऱ्या अन्नाच्या ॲलर्जींमधे कोळंबी-खेकडा नेहमीचेच आहेत, तेव्हा तुम्ही काही जगावेगळे नाही. उलट बाजूही लिहितो नाहीतर उद्या कोणीतरी धूळ साफ करता करता कोळंबी सोडेल. धुळीची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना कोळंबी काहीही करत नाही.

आता ओळखलं म्हणजे काय. अस्तराखाली पहारा देणाऱ्या काही पेशी असतात, त्या परक्या प्रोटीनचा तुकडा उचलून जवळच्या लसीकागाठीत नेतात आणि टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना दाखवतात. टी पेशींनी कुठला पवित्रा घ्यायचा हे तिथे ठरतं. बहुतेक अन्नाला त्या 'असू दे, आपलंच आहे' म्हणतात, हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे ॲलर्जी न होणं हे पण शरीराने मेहनतीने शिकलेलं असतं. पण कधी कधी, उसवलेल्या अस्तरातून धोक्याचा निरोप आला असेल तर, त्या वेगळ्या वाटेला लागतात आणि बी पेशींना सांगतात की आयजीई जातीच्या अँटीबॉडी बनवा. हे आयजीई रक्तात अगदी थोडं असतं आणि जे असतं ते जाऊन मास्ट सेल नावाच्या पेशींवर बसतं. या मास्ट सेल कातडीखाली, नाकात, घशात, श्वासनळीत, आतड्यात, जिथे जिथे बाहेरचं जग आपल्याला शिवतं तिथे रक्तवाहिन्यांच्या कडेला ठाण मांडून असतात, पोटात हिस्टामिनच्या पुड्या भरून. ही तयारी चालू असताना तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही. ना खाज ना सूज. वर्षं जाऊ शकतात.

मग एका रविवारी ते प्रोटीन भरपूर येतं. मास्ट सेलवरच्या एका आयजीईला चिकटून काही होत नाही, एकाच प्रोटीनच्या रेणूने शेजारशेजारच्या दोन आयजीई एकदम धरल्या, तर पेशी पुड्या फोडते. हिस्टामिन बाहेर. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरायला लागतात, कातडीत पाझरल्या की गांध, ओठात पाझरल्या की सूज, आतड्यात की उलटी. हेच सगळ्या अंगात एकदम झालं तर रक्तातलं पाणीच वाहिन्यांबाहेर जातं, जोरदार रिॲक्शनमधे दहा मिनिटांत तिसऱ्या हिश्शाएवढं जाऊ शकतं. तुमचं बीपी लागत नव्हतं ते यामुळे. आणि म्हणून, रागावू नका, पण पोरांनी तुम्हाला उभं करून चालवलं ते फार धोक्याचं होतं. अशा माणसाला आडवं करायचं, पाय वर, उठू द्यायचं नाही. दम लागत असेल तर बसतं ठेवा, पण चालवत नेऊ नका.

रात्री साडेदहाचं : पुड्या फोडून झाल्यावर तीच पेशी नवा माल बनवायला घेते, ल्युकोट्राइन वगैरे, आणि दुसऱ्या पेशींना हाका मारते. त्या येऊन पोचायला काही तास लागतात. काही जणांत त्यामुळे दुसरी लाट येते. तुम्हाला रात्री ठेवून घेतलं ते बरोबरच केलं.

बेल झाली, येतो.

---

काजूची_बोंड

एप्रनदादा छान लिहिताय. ड्यूटी सांभाळून उत्तर द्या, घाई नाही. मी चंदगडकडची. आईने बारा वर्षं काजूच्या कारखान्यात काजू फोडले. हाताला राख नाहीतर एरंडेल लावून बसायच्या सगळ्या बायका, तरी बोटांची सालपटं निघायची, काळी पडायची, आणि मधे सुट्टी घेऊन परत गेलं की पहिल्या दोनतीन दिवसांत मनगटापर्यंत पाणी भरलेले फोड. जेवताना भाकरी मोडता यायची नाही, आम्ही भरवायचो. एकीचं तर नुसतं घरी धुवायला आणलेल्या लुगड्याने नवऱ्याच्या हातावर उतलं. ही पण तीच ॲलर्जी का? कारण आई काजू खाते, मजेत खाते, तिला काही होत नाही.

---

पांढरा_एप्रन

आलो. काजूताई, हाही रोगप्रतिकार यंत्रणेचाच प्रताप, पण खातं वेगळं. काजूच्या टरफलातलं तेल, बिब्बा, आंब्याच्या देठाचा चीक, हे सगळं एकाच घराण्यातलं, आणि बिब्बा उतणं म्हणतात तेच हे. यात आयजीई नाही, मास्ट सेलच्या पुड्या नाहीत. तेलातला बारीक रेणू कातडीत मुरतो, आपल्याच प्रोटीनला चिकटून त्याचं रूप बदलतो, आणि टी पेशी स्वतः चाल करून येतात. त्यांना जमा व्हायला दिवस दोन दिवस लागतात, म्हणून तुमच्या आईला फोड त्याच तासाला यायचे नाहीत, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी यायचे. (टरफलाचं तेल मुळातच जहाल असतं, त्यामुळे ॲलर्जी नसलेलीचे हातही भाजतात, दोन्ही एकत्र चालू असतं.) टी पेशींची आठवण पक्की, सुट्टीनंतर पुन्हा गाठ पडली की जोमाने उतणार. लुगड्याचं पण बरोबर, तेल कापडाला लागून येतं. आणि काजूगर नीट सोललेला असेल तर त्यात ते तेल जवळपास नसतंच. मात्र काजूगराच्या प्रोटीनची आयजीईवाली ॲलर्जी वेगळी असते आणि ती असली तर चांगलीच जोरदार असते. नाव एकच, ॲलर्जी, म्हणून गोंधळ होतो.

गाजरगवताचं पण असंच. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा डोळ्यात भरलं ते, मग देशभर पसरलं. शेतावरच्या लोकांच्या चेहऱ्यामानेवर जाड काळपट कातडी होते ती टी पेशींमुळे. त्याचेच परागकण नाकात जाऊन शिंका येतात त्या मात्र आयजीईमुळे. झाड एक, खाती दोन.

रस्सा_वेगळा, तुमच्या बांगड्यात रोगप्रतिकार यंत्रणेचा हातच नाही! चौघांना एकदम झालं हीच खूण. बांगडा, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं ॲमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करून ठेवतात. म्हणजे पुड्या तुमच्या पेशींनी फोडल्या नाहीत, हिस्टामिन तयारच ताटात आलं. तळून शिजवून ते जात नाही, वासही दर वेळी येतो असं नाही. म्हणून तर अजून तुम्हाला ताजा बांगडा पचतो. आत्याबाईंना तुमची केस सांगायला हरकत नाही, पण कोळंबीवर ती लागू होत नाही, खाडीकाठच्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आहे आणि घरात बाकी कोणाला काही झालं नाही. आई जिंकल्या.

आता आदला रविवार. जीभ चुरचुरली ती सूचनाच होती. तेव्हा आणि नंतर फरक काय? खिचडीनंतरची आयबुप्रोफेन आणि क्रिकेट. ही पेनकिलर, पळापळ, दारू, ताप, जागरण, यांनी आतड्याचं अस्तर जास्त झिरपतं किंवा मास्ट सेल जास्त चिडक्या होतात, म्हणजे एरवी जिभेवर भागलं असतं ते अंगभर जातं. काही माणसांना तर तेवढ्यापुरतंच होतं, खाऊन झोपले तर काही नाही, खाऊन पळाले तर आडवे. म्हणून 'मागच्या वेळी थोडक्यात भागलं होतं' हा हिशोब धरू नका.

मासे : सुरमई पापलेट हलवा यांचं मुख्य ॲलर्जन पार्व्हाल्ब्युमिन, पूर्ण वेगळं प्रोटीन. कोळंबीची ॲलर्जी असलेले बरेच जण मासे खातात. पण बाईंना विचारून, आणि त्याच तव्यावर त्याच तेलात आधी कोळंबी तळलेली नको. खेकडा, शेवंड बंद. तिसऱ्या, माकुल, कालवं, यात काहींना त्रास होतो काहींना नाही, तपासल्याशिवाय नको. ट्रोपोमायोसिन उकळून मरत नाही, त्यामुळे सोडे, सुका जवळा, कोलीम सगळं त्यातच आलं. सोडे भाजताना, कोळंबी उकळताना वाफेतून पण काहींना दम लागतो.

---

खाडीकाठचा

जवळा पण??? 😭

बाकी एप्रनदादा, पाय धरतो. पहिल्यांदा नीट कळलं. आई वाचून दाखव म्हणाली, बिब्ब्यापर्यंत ऐकलं आणि आत्याला फोन लावला. अजून एक विचारतो, क्लिनिकमधली पहिली सुई का लागू पडली नाही मग?

---

पांढरा_एप्रन

ती बहुतेक हिस्टामिनची वाट अडवणारी असणार. सिट्रिझिन म्हणा, ॲव्हिल म्हणा, या औषधांनी खाज आणि गांधी कमी होतात, पण बाहेर गेलेलं पाणी वाहिन्यांत परत येत नाही, श्वासनळी उघडत नाही, आणि मास्ट सेल फोडतेय त्या बाकीच्या मालाला ती विचारतही नाहीत. ॲड्रिनलिन वाहिन्या आवळतं, श्वासनळी मोकळी करतं, हृदयाला टाच मारतं आणि मास्ट सेलला पण थोडं आवरतं. म्हणून अंगावर गांधी अधिक उलटी, दम, घोगरा आवाज, चक्कर यातलं काही असेल तर पहिलं औषध ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. बाकी सगळं नंतर. हात कापतात, छाती धडधडते, ते औषधच आहे. परदेशात लोक खिशात त्याचं तयार पेन घेऊन फिरतात, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, तेव्हा तुमच्या बाईंना स्पष्ट विचारा की मी जवळ काय ठेवू, घरच्यांनी टोचायचं कसं, आणि लेखी घ्या.

---

निवडणूक_नको_निवडक_द्या

सगळं छान चाललंय पण एक भाबडा प्रश्न. शरीर एवढं हुशार तर हे आयजीईचं लफडं ठेवलंच कशाला? आणि दुसरं, माझ्या बायकोने घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबकडून अन्नाचं पॅकेज केलं, दोनशेच्या वर पदार्थ, रिपोर्ट सतरा पानी. गहू, दूध, तांदूळ, हळद, केळं सगळं लाल रंगात. ती दोन महिने नाचणी आणि दुधी खातेय. तिला फक्त ॲसिडिटी होती हो.

---

जुना_फळा

हे मी घेतो, एप्रनला झोपू द्या. निवृत्त शिक्षक, जीवशास्त्र, ३१ वर्षं.

आयजीई ठेवलं जंतांसाठी, असं मानतात. पोटातला जंत एवढा मोठा की पांढरी पेशी त्याला गिळू शकत नाही, मग काय करायचं, तर शिंका, खोकला, उलटी, जुलाब, चिकट पाणी, धुऊन काढायचं, ढकलून द्यायचं. ॲलर्जीची सगळी लक्षणं बघा, सगळी हाकलपट्टीची आहेत. आणि गंमत, जंताच्या अंगातही ते ट्रोपोमायोसिन कोळंबीच्या नात्यातलंच! मधमाशीच्या, सापाच्या विषाविरुद्धही ही यंत्रणा कामी येत असावी असा दुसरा विचार आहे, उंदरांवर तसं दिसलंही आहे.

आता थोडा इतिहास, वर्गात हा भाग मी हमखास रंगवायचो. शंभर सव्वाशे वर्षांपूर्वी समज असा की दुसऱ्यांदा गाठ पडली की शरीर जास्त सुरक्षित. १९०२ साली रिशे आणि पोर्टिए हे दोघे फ्रेंच समुद्रफूल नावाच्या सागरी प्राण्याच्या विषाची कुत्र्यांना सवय करायला गेले, तर दुसऱ्या वेळच्या एवढ्याशा डोसने कुत्रा काही मिनिटांत गेला. रक्षणाच्या बरोबर उलट, म्हणून नाव ठेवलं ॲनाफिलॅक्सिस. रिशेला १९१३ चं नोबेल. ॲलर्जी हा शब्द १९०६ चा, व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाचा. आणि माझी लाडकी गोष्ट १९२१ ची : क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला मासा चालायचा नाही, प्राउसनित्सला मासा चालायचा. प्राउसनित्सने क्युस्टनरच्या रक्तातला पाणीदार भाग स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांध उठली! म्हणजे ॲलर्जी रक्तातून उचलून दुसऱ्याच्या अंगात नेता येते. पण ती चीज काय हे कळायला १९६६-६७ उजाडलं, जपानचं इशिझाका दांपत्य अमेरिकेत आणि त्याच सुमाराला स्वीडनचे दोघे, तेव्हा आयजीई सापडलं. पोरं विचारायची, सर माशाचा अर्क का, मटणाचा का नाही. मी म्हणायचो त्याला मटण चालत होतं रे बाबा.

वहिनींचं. त्या सतरा पानांवर कुठेतरी आयजीजी लिहिलेलं असेल, बघा. आयजीजी आणि आयजीई यात एका अक्षराचा फरक, अर्थ मात्र दुसराच. तुम्ही गहू खाता म्हणून गव्हाचं आयजीजी आहे, शरीराने ओळख ठेवलीये एवढंच, तक्रार नाही. तांदूळ लाल आला याचा अर्थ वहिनी भात खातात. त्यांना भात द्या आणि ॲसिडिटीसाठी पोटाच्या डॉक्टरकडे न्या.

आणि आयजीई टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी झालीच असं पण नाही, मास्ट सेलवर आयजीई बसलंय एवढंच ती सांगते. खाऊन त्रास होतो का हे महत्त्वाचं. खाडीकाठचांच्या बाबतीत दोन्ही आहे.

---

रस्सा_वेगळा

सर, पण मग रोज एक एक कोळंबी खाऊन सवय करता येणार नाही का? आधी पाव, मग अर्धी. लोक विषाची पण सवय करतात म्हणे.

---

जुना_फळा

त्या फ्रेंच कुत्र्याची गोष्ट आत्ताच सांगितली ना!!

---

पांढरा_एप्रन

😂 सर बरोबर. रस्सा, घरी अजिबात नाही. कल्पना मात्र मूर्खपणाची नाही, शेंगदाण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिलिग्रॅममधे मोजून तसं करतात, आणि तिथेही रिॲक्शन येतात. कोळंबीसाठी ते नेहमीचं उपचार म्हणून नाही. धुळीसाठी मात्र आहे, इंजेक्शन किंवा जिभेखाली, तीन ते पाच वर्षं. हळूहळू टी पेशींना 'असू दे' शिकवायचं. त्याने शिंका कमी होतात, त्याच्या भरवशावर कोळंबी खाऊ नये.

---

सातव्या_महिन्यातली_आई

नाव बघून घाबरू नका, बाळ सात महिन्यांचं आहे 😊 हे सगळं वाचून मी शेंगदाणा, अंडं सगळं दोन वर्षं लांबणीवर टाकणार होते. बरोबर ना?

---

पांढरा_एप्रन

ताई, थांबा थांबा, बरोबर उलट. पूर्वी डॉक्टर तसंच सांगायचे. मग दिसलं की इंग्लंडमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या जवळपास दहापट. तिकडे बाळं दात यायच्या वयात शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात, इकडे आयांनी लांब ठेवलेला. मग लंडनमधे ४ ते ११ महिन्यांच्या, जास्त धोका असलेल्या ६४० बाळांवर अभ्यास झाला, २०१५ साली निकाल आला : निम्म्यांना नियमित शेंगदाणा दिला, निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत नाही. न दिलेल्यांत ॲलर्जी १७ टक्क्यांच्या आसपास, दिलेल्यांत ३ च्या. तोंडावाटे आधी ओळख झाली तर शरीर 'असू दे' शिकतं, चिरलेल्या कातडीतून आधी झाली तर उलटं, असा अंदाज आहे. म्हणून अंगावर खरखरीत चट्टे (एक्झिमा) असलेल्या बाळांना जास्त धोका. तुमच्या बाळाला तसं काही असेल किंवा अंड्याने आधी त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर अगदी बारीक कूट पेजेत पातळ करून, नखभर, सकाळच्या वेळी म्हणजे दिवसभर लक्ष राहील. आख्खा दाणा मात्र चारपाच वर्षांपर्यंत कधीच नाही, श्वासनळीत अडकतो.

---

खाडीकाठचा

अपडेट देतो. बाईंकडे परत गेलो, प्रश्न लिहूनच नेले. ॲड्रिनलिनची कुपी, सिरिंज, किती भरायचं ते चिठ्ठीवर, बायकोकडून तिथेच दोनदा संत्र्यावर टोचून घेतलं. तिसऱ्या वेळेला तिने विचारलं, आता ह्यांच्या मांडीवर करू का. पॅन्टवरून टोचलं तरी चालतं हेही कळलं. पेनकिलर घ्यायची तर आधी विचारायचं.

सुरमईची वेगळी टेस्ट केली, निगेटिव्ह. मग त्यांच्याच इथे बसवून एक तुकडी खायला लावली आणि दोन तास बाहेरच्या बाकावर. काही नाही झालं. बाकावरून आईला फोन केला तर ती रडायलाच लागली.

गादीला धुळीचं कव्हर घातलंय, चादरी उशीची खोळ आठवड्याला गरम पाण्यात, साठ अंशावर. शिंका बाराच्या पाचावर आल्यात.

कोळंबी घरात बंद. आईने जवळ्याची बरणी आत्याकडे पाठवून दिली, म्हणजे बोलणं सुरू झालं म्हणायचं. आत्याचा उलट फोन, एवढासा जवळा पाठवलास, बाकीचा कुठे ठेवलास?